सातेरीच्या शिंगाचा अहवाल

तडा गेलेली वस्तू हातात घेऊन तो तडा का गेला हे सांगणे, एवढाच माझा व्यवसाय होता. डिचोलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत टाक्या आणि बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षे धातुपरीक्षक म्हणून नोकरी केली. वस्तू धड असेपर्यंत मला कोणी विचारत नसे. ती फुटली की सर्वांना माझी आठवण होई. 'भटमामांक आपय', म्हणजे भटमामांना बोलाव, असा निरोप सुटे, आणि मी भिंग, कानस व वही घेऊन निघे.

भटमाम हे नाव मला कारखान्याने दिले नाही. ते मी घरूनच नेले. आमचे घराणे पेडणे महालातले, पौरोहित्य करणारे. सोळाव्या वर्षापर्यंत मी पाठशाळेत संथा घेतली आणि मग वडिलांच्या अनुज्ञेने तंत्रनिकेतनात गेलो. इतर परीक्षकांना लोक साहेब म्हणत. मी निवृत्त होईपर्यंत भटमामच राहिलो. बेळगावकडचे वेल्डर तर आपला जोड तपासायला देण्यापूर्वी माझ्या पाया पडत. मी आशीर्वाद देत असे आणि जोड नापास करीत असे. दोन्ही कामे मी मनापासून केली.

वाचकांपैकी बहुतेकांचा धातुशास्त्राशी संबंध नसेल, म्हणून मूळ गोष्ट आधी सांगतो. दोन लोखंडी खिळे घ्यावेत. एक सरळ ठेवावा, दुसरा मधोमध वाकवावा आणि दोन्ही मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावेत. दोन दिवसांनी पाहिले तर गंज सगळीकडे सारखा चढलेला दिसणार नाही. वाकवलेल्या खिळ्याला तो बाकाशी अधिक धरलेला असेल. सरळ खिळ्यालाही तो आधी डोक्याशी आणि टोकाशी धरतो, कारण कारखान्यात तेथेच ठोकून त्याला आकार दिलेला असतो. धातूला जेथे मार बसतो तेथे त्याच्या आत ताण उरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण गंजाला बरोबर सापडतो.

याहून घातक प्रकार तड्याचा. आत ताण कोंडलेली वस्तू आणि तिला नेमकी न मानवणारी हवा किंवा द्रव, ही दोन एकत्र आली की धातू झिजत नाही, एकदम चिरतो. ताण एकटा असेल तर वस्तू शंभर वर्षे टिकेल. ती हवा एकटी असेल तर फार तर डाग पडेल. दोघांची गाठ पडली म्हणजे चकचकीत, नवीकोरी वस्तू कोणी हात न लावता जागच्या जागी तडकते, आणि मग लोक एकमेकांकडे पाहू लागतात.

पाठशाळेतले आमचे गुरुजी सांगत की पूर्ण ऐकल्यावाचून अर्थ सांगू नये. कारखान्यात मी त्याला जोड दिली: पूर्ण पाहिल्यावाचून कारण सांगू नये, आणि सांगायचे ते लिहून, खाली सही करून सांगावे. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला. त्या दिवशी एकादशी होती, मला भूक लागली होती आणि म्हापशाची बस सुटायला आली होती.

आमच्या गावच्या सातेरीच्या पालखीपुढे शिंग वाजते. पितळी पत्रा ठोकून, गुंडाळून, चंद्रकोरीसारखा वाकवून ते केलेले असते. ते करण्याचा मान डिचोलीच्या कांसारांच्या एका घराण्याचा. जत्रेच्या दिवशी देवीपुढचे पहिले श्रीफळ त्या घराण्याच्या हाती देतात. सध्या हा मान पुंडलिकबाब कांसारांचा. त्यांच्या आजोबांनी केलेले शिंग दोन पिढ्या वाजले. मग एका जत्रेला मंडपाचे बांबू आणणारा टेम्पो मागे घेताना त्यावरून गेला. तेव्हा, म्हणजे आठ वर्षांपूर्वी, पुंडलिकबाबांनी नवे केले.

नवे शिंग वर्षाच्या आत तडकले. आरती झाली होती. मी पायरीवर उभा राहून एका पायात चप्पल घालत होतो. देवस्थानचे मुखत्यार जयवंतबाब, म्हणजे महाजनांच्या, देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, वतीने सर्व कारभार पाहणारे गृहस्थ, शिंग घेऊन माझ्यापाशी आले. 'भटमाम, हा तुमचा विषय. का बरे गेले असेल?'

मी तड्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले आणि म्हणालो, 'पितळात भेसळ असावी बहुतेक.'

चार शब्द. मग दुसरी चप्पल घातली आणि बस पकडली.

त्या चार शब्दांचे पुढे काय झाले ते मला पुष्कळ दिवस कळले नाही. गावात 'असावी' आणि 'बहुतेक' हे दोन शब्द वाटेतच गळाले आणि उरलेले दोन डिचोलीपर्यंत पोहोचले. पुंडलिकबाबांनी उत्तर दिले नाही. मान होता म्हणून त्यांनी दुसरे शिंग केले, तेही तडकले. तिसरे केले. चौथे केले. मात्र जत्रेला येणे त्यांनी बंद केले. शिंग ते कापडात गुंडाळून बसच्या कंडक्टरपाशी देत आणि आम्ही ते स्टँडवरून आणीत. देवीपुढचे पहिले श्रीफळ ताटात तसेच पडून राही.

शिंग वाजवणारा म्हाळू हा आमच्या वाड्यावरचा. छाती भात्यासारखी, जीभ त्याहून मोकळी. तडकलेल्या शिंगातून त्याने जो आवाज काढला तो ज्यांनी ऐकला त्यांना म्हशीला उचकी लागल्याचा भास झाला. पालखीबरोबर चाललेले एक महाजन म्हणाले, 'म्हाळू, देवीची पालखी आसा. बरो आवाज काढ.'

'आवाज मी नाय काढीत,' म्हाळू म्हणाला. 'तो आपलो आपण निसटतां. मी फकत मागसून धांवतंय.'

पुढे त्याने तड्यावर मेण लावून पाहिले, मग विजेच्या तारांना लावतात ती काळी टेप गुंडाळली. गेल्या जत्रेत जयवंतबाबांनी निराळा उपाय केला. शिंगाचा आवाज मोबाइलवर भरून घेतला आणि तो पालखीपुढच्या लाउडस्पीकरला जोडला. मोबाइल होता मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवणाऱ्या त्यांच्या पुतण्याचा, आणि गाडी चालवताना सोयीचे म्हणून त्यावर आलेला फोन आपोआप उचलला जाई. पालखी चौकात आली, शिंगाचा घोष सुरू झाला, लोकांनी हात जोडले, आणि घोषाच्या मध्येच लाउडस्पीकरमधून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, 'अहो, मी केव्हाची बाहेर उभी आहे, तुम्ही कुठे आहात?'

 देवीच बोलली असे वाटून दोन वृद्धांनी भूमीवर डोके टेकले.

'आयली,' म्हाळू म्हणाला. 'आतां सांगा, खंय आसात तें.'

या प्रसंगानंतर शिंग कोल्हापूरहून मागवावे असे ठरले आणि महाजनांच्या सभेची सूचना व्हॉट्सॲपवर आली. ती मी चष्मा लावून वाचली. विषय दुसरा: 'भटमामांच्या तज्ज्ञ अभिप्रायानुसार शिंगात भेसळयुक्त धातू वापरल्याचे दिसत असल्याने, कांसार घराण्याचे नाव मानाच्या यादीतून वगळणे.'

चार शब्दांचा तज्ज्ञ अभिप्राय झाला होता. मी तो पुन्हा वाचला. कारखान्यात असे कागद मी इतरांचे पाहिले होते, आणि खाली सही नसेल तर फेकून दिले होते. येथे सही नव्हती, पण नाव माझे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानसंध्या आटोपून मी भिंग आणि वही घेतली व देवळात गेलो. राघोबा गुरव पूजा करीत होते. त्यांनी चारही शिंगे माळ्यावरून काढून दिली. तडे सर्व लांबीच्या दिशेने गेलेले, बारीक, स्वच्छ, आणि सगळे बाकाशी. ठोकर लागून तडा असा जात नाही. भेसळीने तर नाहीच. हे मला आठ वर्षांपूर्वी त्या पायरीवरच कळायला हवे होते. पाहायला एक मिनिट पुरले असते.

मग मला शिंगाच्या आत निळसर हिरवी झाक दिसली.

'हा रंग कसला, राघोबा?'

'तो देवीचो,' राघोबा म्हणाले. 'शुद्धी झाली काय येतां. लोक पायां पडतत त्याका.'

शुद्धी कशी करता हे मी विचारले, आणि राघोबांनी ते अगदी निरागसपणे सांगितले. पहिले शिंग नवे आले तेव्हा रीतीप्रमाणे वर गोमूत्र शिंपडले. ते तडकले, तेव्हा काही दोष राहिला असे वाटून दुसरे धुऊन घेतले. तेही तडकले, म्हणून तिसरे आतून भरून रात्रभर ठेवले. तेही लवकर गेले, तेव्हा चौथे गोमूत्राने भरून लाकडी पेटीत ठेवले, झाकणाच्या फटी मेणाने बंद केल्या आणि तीन दिवस उघडले नाही. ते पेटीतच तडकले.

'म्हणजे जितका दोष अधिक, तितकी शुद्धी अधिक,' मी म्हणालो.

'तर काय? उणी करून चलात?'

मी गोमूत्र पाहायला मागितले. पूर्वी घरोघर गाय होती. आता गावात कोणाचाच गोठा भरलेला नाही. म्हणून जयवंतबाबांनी तीन वर्षांमागे एक मोठा प्लॅस्टिकचा कॅन भरून आणला होता. तो कोठीघरात होता, वर जास्वंदीचे फूल वाहिलेले. राघोबांनी झाकण फिरवले आणि मान वळवली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

'सगळ्यांका येतां,' राघोबा आदराने म्हणाले. 'भाव आसल्याशिवाय येवचें ना.'

मी ज्या धातूंशी आयुष्य काढले त्यांच्याविषयी एवढे निश्चित सांगू शकतो: ताण भरलेल्या पितळाचा मोठा वैरी अमोनिया. आणि मूत्र, मग ते कोणाचेही असो, ताजे असताना थोडा आणि साठवून ठेवले की दिवसागणिक अधिक अमोनिया सोडते. तीन वर्षांचा कॅन, बंद पेटी, दमट हवा. आमच्या कारखान्यात पितळाची परीक्षा घेताना आम्ही जे मुद्दाम करीत असू, ते देवळात भक्तिभावाने आणि अधिक काटेकोर होत होते. माझ्या हाताखाली इतका कसोशीचा मनुष्य कधी नव्हता.

परंतु अर्धे कारण राहिले होते. पितळात ताण कोठून आला? आजोबांचे शिंगही शुद्धीतून गेले होते, तेव्हा ताजे गोमूत्र असले तरी. ते कधी तडकले नाही. मी म्हापशाला बस बदलून डिचोलीला गेलो.

पुंडलिकबाबांच्या दुकानाच्या पुढच्या भागात समया मांडलेल्या असतात. मागे ते काम करतात. मला पाहून त्यांनी हातोडा थांबवला नाही.

'बसात,' ते म्हणाले. 'भेसळ बघूंक आयल्यात?'

'ताव बघायला आलो,' मी म्हणालो. 'शिंग ठोकून झाल्यावर शेवटी काय करता?'

हातोडा थांबला. हा प्रश्न त्यांना गेल्या आठ वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी सांगितले ते असे. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, तो लाल करून थंड केला की मऊ पडतो, पुन्हा ठोकायचा. शेवटचा बाक दिल्यावर मात्र लाल करून चालत नाही. मग शिंगाला आवाज राहत नाही. म्हणून त्यांचे आजोबा तयार शिंग भाताच्या तुसाच्या गरम राखेत रात्रभर पुरून ठेवीत. कडकपणा राहतो आणि आतला ओढा निवतो. 'आजो म्हणतालो, ताका मार विसरूंक दियात. मागीर वाजयात.'

धातुशास्त्राच्या वर्गात हेच शिकायला मला एक सत्र लागले होते.

'मग तुम्ही ते का सोडलेत?'

'मी सोडूंक ना. पयलें शिंग राखेंतूनच काडलें. तुमच्या जयवंतबाबान परत धाडलें. म्हणाले, काळें दिसतां. चिंचेन घासलें तर तांबूस झालें. म्हणाले, व्हिडिओ काडपाचो आसा, भांगरासारखें जाय.' त्यांनी हातोडा पुन्हा उचलला. 'मागीर राखेक कोण घालता? देवस्थानाक झळझळीत जाय, झळझळीत दिलें.'

भांगर म्हणजे सोने, जाय म्हणजे हवे आणि मागीर म्हणजे नंतर. मी वहीत सर्व लिहून घेतले. खरे म्हणजे त्याच वेळी मला दुसरे बोलायचे होते, ज्यासाठी वही लागत नाही. ते मी बोललो नाही. पितळावर अर्धा तास बोललो आणि उठलो. मी उठताना त्यांनी 'बरें' एवढेच म्हटले.

सभेपुढे नुसते बोलून भागणार नव्हते. चौथ्या शिंगाच्या न तडकलेल्या भागातून दोन वीतभर नळ्या कापायच्या, एक गरम राखेत पुरायची, दुसरी तशीच ठेवायची आणि दोघींची राघोबांच्या रीतीने शुद्धी करायची, असे मी ठरवले. पण वस्तू देवीची. तिच्या अनुमतीवाचून करवत लावणे मला मान्य नव्हते. मीच कौल लावायची विनंती केली.

कौलाची रीत अशी की मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्नाचा मसुदा मी रात्री तयार केला होता. मी तो वाचू लागलो: 'या शिंगाच्या पुच्छभागातून समान परिमाणाचे दोन खंड घेऊन, त्यांतील एकावर उष्णसंस्कार करून व दुसऱ्यावर न करता, उभयतांची परीक्षा करण्यास...'

'भटमाम,' राघोबा म्हणाले, 'देवीक अर्ज भरूंक लावू नकात. कापूं काय नको, इतकेंच विचारा.'

मी तसे विचारले. मग वर पाहिले आणि गाभाऱ्याच्या दारातला पंखा बंद करायला सांगितला. जयवंतबाब घाम पुसत म्हणाले, 'पंखा नेहमी चालू असतो.'

'वाऱ्याने पाकळी पडली तर तो कौल पंख्याचा होईल.'

पंखा बंद झाला. महाजन सभेच्या सूचनेच्या कागदाने वारा घेऊ लागले. राघोबांनी तेही बंद करवले. मग आम्ही सर्व जण श्वाससुद्धा जपून घेत दोन पाकळ्यांकडे पाहत बसलो. म्हाळू दारात उभा होता. 'इतकी शांतता,' तो हळूच म्हणाला, 'माझें शिंग वाजताना कोणी धरली ना.' एवढ्यात उजवी पाकळी पडली. मला आनंद झाला; परीक्षक म्हणून थोडा, भक्त म्हणून फार.

एक नळी मी आमच्या अंगणात तुसाच्या गरम राखेत रात्रभर पुरली. मग दोन्ही नळ्या कॅनमधल्या गोमूत्राने भिजवून पेटीत ठेवल्या, आणि राघोबांनी फटी मेणाने बंद केल्या. तीन दिवसांनी सभा भरली. सर्वांच्या देखत पेटी उघडली. पुढच्या रांगेतल्या महाजनांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि मागच्या रांगेने त्यांच्याकडे पाहून हात जोडले.

दोन्ही नळ्या निळसर झाल्या होत्या. मी त्या म्हाळूच्या हाती दिल्या. 'फुंकून पाहा.'

त्याने राखेतली फुंकली. वारा पलीकडच्या तोंडातून सरळ बाहेर आला. दुसरी फुंकली, तर तीन बाजूंनी शीळ निघाली. म्हाळूने ती उलटसुलट पाहिली. 'ही फुंकूंक माका आणखी दोगे जाय,' तो म्हणाला.

मी उभा राहून सर्व समजावून सांगितले. पत्रा एकच, शिंग एकच, करणारे हात एकच. एक नळी धड आहे, एक फुटली आहे. म्हणजे दोष पितळाचा नाही. आत राहिलेल्या ताणाचा आणि कॅनमधल्या अमोनियाचा आहे.

सभेत हलकल्लोळ झाला. एक वृद्ध महाजन उठले. 'म्हणजे देवीक गोमूत्र चालना, असें म्हणतात तुम्ही?'

'देवीला चालते. शास्त्राने ताजे सांगितले आहे. हे तीन वर्षांचे आहे.'

'जितकें जुनें तितकें पवित्र न्हय?'

'ते तुपाविषयी विचारा,' मी म्हणालो. 'याविषयी नाही.'

जयवंतबाब म्हणाले, 'मी तर फक्त काळपट म्हटले होते.' मी त्यांना म्हणालो की ते खरे आहे, आणि मीही फक्त चार शब्द म्हटले होते. मग जे बोलायला मी आठ वर्षे आणि डिचोलीची एक फेरी चुकवली होती, ते बोललो. 'पितळात भेसळ आहे हे मी न पाहता सांगितले. मला बस गाठायची होती. पुंडलिकबाबांचे नाव वगळायचे असेल, तर त्याआधी माझ्या नावापुढचा तज्ज्ञ हा शब्द वगळावा.'

विषय दुसरा मागे घेण्यात आला. पण राघोबांचे समाधान झाले नव्हते. ते सभ्यपणे म्हणाले, 'भटमाम, देवळाच्या पायरीर उबे रावन तुम्ही खोटें सांगितलात. त्याका प्रायश्चित्त आसा.'

ते मला मान्यच होते. पंचगव्य घ्यायचे होते. जयवंतबाबांनी तत्परतेने कॅनकडे हात नेला. मी त्यांना थांबवले. गेला तासभर मी काय सांगत होतो याची त्यांना आठवण दिली. ताजे हवे, असे ठरले. मग कोणाची गाय, असा प्रश्न आला. मांद्र्याच्या किनाऱ्यावर गाई फिरतात, असे कोणी सुचवले. राघोबांनी ते फेटाळले. 'त्यो पर्यटकांचे पिझ्झे खातत. त्यांचें पंचगव्य कसलें?' बरीच चर्चा झाली, आणि शेवटी म्हाळूला आठवले की माहितीतली, गवत खाणारी, घरची गाय एकच आहे. डिचोलीला, पुंडलिक कांसारांच्या परसात.

पहाटेच्या पहिल्या बसने मी निघालो. हातात घरचा तांब्या होता. पुंडलिकबाब परसातच होते. मी कशासाठी आलो ते सांगितले; सगळे सांगितले, सभेपासून. त्यांनी ऐकून घेतले आणि माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिले.

'हो आमच्याच दुकानाचो. पितळेचो. ह्यांतूं नाका.' त्यांनी तो काढून घेतला आणि मला एक नारळाची करवंटी दिली. 'रावात आतां. ती आपल्या वेळार दिता.'

आम्ही दोघे गाईच्या मागे उभे राहिलो. गाय स्वस्थपणे रवंथ करीत होती. वेळ गेला. मी पौरोहित्य, परीक्षण आणि वार्धक्य यांतून पुष्कळ प्रतीक्षा केली आहे. करवंटी पुढे धरून केलेली ती एकच.

'पुंडलिकबाब,' मी म्हणालो, 'मी त्या दिवशी नीट पाहिले नव्हते.'

'खबर आसा माका,' ते म्हणाले. 'पळयिल्लें जाल्यार तशें म्हणपाचेच नात तुम्ही. म्हणूनच चड दुखलें.'

मी पाहिले असते तर तसे म्हणालोच नसतो, आणि न पाहता म्हणालो म्हणूनच त्यांना अधिक लागले होते. मी मान वर केली, आणि तेव्हा मला ते दिसले. गोठ्याच्या आढ्याला, गाईच्या बरोबर वर, एक शिंग टांगलेले होते. काळपट, धूळ बसलेले, त्याच्या बाकाला दोरीचे वेटोळे अडकवलेले.

'हें तें परत धाडिल्लें,' पुंडलिकबाब म्हणाले. 'मोडूंक मन जालें ना. दोऱ्यो अडकवपाक बरें.'

आठ वर्षे ते त्या गोठ्यात होते. खालून रात्रंदिवस अमोनिया, वरून पावसाची ओल. मी स्टूल मागून घेतले, वर चढलो आणि भिंग लावून टोकापासून तोंडापर्यंत पाहिले. एकही तडा नव्हता. देवळात मी तीन दिवसांत जे सिद्ध केले, ते येथे आठ वर्षे दोऱ्या सांभाळीत सिद्ध होऊन बसले होते. त्या एकादशीला मी म्हापशाच्या बसऐवजी डिचोलीचे हे आढे पाहिले असते, तर पुढची तीन शिंगे करावी लागली नसती आणि श्रीफळ ताटात पडून राहिले नसते.

मी स्टुलावर असतानाच गाईची वेळ झाली. करवंटी माझ्या हातात आणि मी वर. पुंडलिकबाबांनी ती चटकन ओढून घेतली आणि पुढे धरली. माझे प्रायश्चित्त अशा रीतीने त्यांनीच भरून दिले.

'हेच शिंग जत्रेला द्या,' मी खाली उतरून म्हणालो. 'आणि तुम्ही या.'

'येतां,' ते म्हणाले. 'पूण एक. त्या वेळार तुम्ही तोंडान सांगलें आनी सगळ्या गांवान आयकलें. आतां बरोवन दियात. सही करून. देवळाच्या फळ्यार लावपाचें न्हय, तो कोण वाचना. लोक वाचतात अशा कशांत तरी बरयात.' बरोवन म्हणजे लिहून; त्यांना ते लोक वाचतील अशा ठिकाणी लिहून हवे होते.

त्यानंतर महिनाभराने या अंकाच्या संपादकांचे पत्र आले. नोकरीतील अनुभवांवर लिहावे, विषयाचे बंधन नाही, असे त्यात होते. अनुभव पुष्कळ आहेत. पण एक अहवाल देणे राहिले होते, तो आधी देतो.

मी, निवृत्त धातुपरीक्षक, सातेरीची चार शिंगे आणि गोठ्यातले पाचवे, अशी पाचही शिंगे भिंगाखाली पूर्ण पाहून असे लिहितो की पुंडलिक कांसारांच्या पितळात भेसळ नव्हती. ताव त्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो दिला होता. तो नाकारला आम्ही. यापूर्वीचे माझे तोंडी मत निराधार होते. ते रद्द समजावे.

मसुदा मी पुंडलिकबाबांना वाचून दाखवला. त्यात 'उष्णसंस्कार' होता. त्यांनी तो शब्द काढून 'ताव' घालायला लावला. शिंग या जत्रेत वाजले. म्हाळूला त्याच्यामागे धावावे लागले नाही. श्रीफळ पुंडलिकबाबांनी दोन्ही हातांनी घेतले.

खाली सही केली आहे. सहीच्या दिवशी एकादशी नव्हती, हे आधी पंचांगात पाहून घेतले.